आधी पाण्याची चाल, मग रोपं

विचारलं आहे ते थोडक्यात असं. गाव कोकणातलं, खाडीकाठचं आहे, ग्रामपंचायत तयार आहे, बचत गट उत्साहात आहेत. बदलत्या हवामानाला तोंड द्यायला आणि खाडी, किनारा, डोंगर पुन्हा सावरायला गावातलीच वीस-पंचवीस माणसं तयार करायची आहेत. कोणाला घ्यावं, काय शिकवावं, शिबिर किती दिवसांचं असावं, आणि कांदळवनाची (खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या मँग्रोव्ह झाडांची) रोपं किती मागवावीत?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: पहिल्या वर्षी एकही रोप मागवू नका.

रोपं आली की सगळं लक्ष त्यांच्याकडे जातं. खड्डे किती, लावली किती, जगली किती. ज्या कारणाने तिथलं झाड गेलं त्या कारणाकडे कोणी बघत नाही, आणि तेच कारण नवी रोपंही घेऊन जातं. खाडीतली तिवरं, म्हणजे कांदळवनातली झाडं, उगाच मरत नाहीत. कुठे रस्त्याच्या भरावाने भरतीचं पाणी आत यायचं थांबलेलं असतं. कुठे मोरीचा पाइप गाळाने बुजलेला असतो. कुठे उलट, आत आलेलं पाणी ओहोटीला बाहेर पडत नाही, दिवसेंदिवस साचून राहतं, चिखलाबाहेर डोकावणारी श्वसनमुळं बुडतात आणि झाड गुदमरतं. पाण्याची वाट मोकळी झाली आणि आसपास चांगली झाडं असली, तर बी भरतीबरोबर वाहत येतं आणि आपलं आपण रुजतं. अशा जागी माणसाने लावण्यासारखं फार थोडं उरतं. म्हणून तुमच्या लोकांना सगळ्यात आधी पाण्याची चाल ओळखता यायला हवी. पहिलं वर्ष त्यासाठी द्या. पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी आपोआप आलेली रोपं मोजा, आणि जिथे काहीच आलं नाही पण यायला हवं होतं तेवढ्याच जागेपुरती रोपं मागवा.

आता माणसं. नोटीस लावून नावं मागवण्याची पद्धत मला पटत नाही. नोटीस वाचून पुढे येतात ती बहुतेक नुकतीच कॉलेज संपवलेली मुलं. चुणचुणीत असतात, मोबाइलवर सगळं येतं, आणि नोकरी लागली की मुंबई-पुण्याला जातात. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, कोकणातली घरं पिढ्यान्‌पिढ्या मनीऑर्डरवरच उभी राहिली. पण तीन-चार वर्षं चालणारं काम त्यांच्या एकट्यांच्या भरवशावर उभं करू नका. आधी ज्यांचं पोट त्या जागेवर आहे त्यांना शोधा: ओहोटीला खाडीत उतरून तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) आणि कालवं काढणाऱ्या बायका, खेकडे धरणारे, पाग टाकणारे, खारजमिनीत भात लावणारे, सड्यावर (डोंगरावरच्या कातळी पठारावर) गुरं नेणारे, देवराईचा मान असलेले गुरव आणि मानकरी. रायगडात कोळी आणि कातकरी, रत्नागिरीत खारवी, भोई आणि दालदी, सिंधुदुर्गात गाबीत, प्रत्येक खाडीला तिची नस माहीत असलेली घरं आहेत. त्यांच्यापैकी अनेकांना कोणी कधी सभेत बोलायला उभं केलेलं नसतं. त्यांच्या घरी जाऊन विचारा.

मग जोड्या लावा. एक जण जागा जाणणारा, दुसरा वही-मोबाइल सांभाळणारा. कॉलेजातल्या मुलांची जागा इथे आहे, आणि ती महत्त्वाची आहे. एक पथ्य मात्र पाळा: माणसं वाडीवार घ्या. गट एकाच वाडीचा झाला तर दुसऱ्या वाडीची गुरं रोपात शिरतात आणि कोणी हाकलत नाही. बौद्धवाडी, मोहल्ला, कातकरवाडी ही नावं यादीत शेवटी आठवू नयेत. पूर आला, दरड आली की पहिला मार बहुतेक त्याच वस्त्यांवर बसतो.

पहिला धडा खाडीतच घ्या, आणि तारीख पंचांग बघून ठरवा. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण (सर्वांत मोठी भरती) मिळतं, अष्टमी-नवमीच्या सुमारास भांग (लहान भरती). बांबूच्या काठ्यांवर वीत-वीत अंतराने खुणा करा आणि त्यांना वरपासून खालपर्यंत गेरू फासा. ओहोटीला या काठ्या खाडीच्या काठापासून बांधापर्यंत एका रांगेत ठोका. भरती येऊन गेली की गेरू कुठपर्यंत धुतला गेला ते प्रत्येक काठीवर मोजा. हेच भांगाच्या दिवशी पुन्हा करा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अशीच एक रांग जवळच्या धडधाकट तिवरांमध्ये त्याच दिवशी ठोका. तिथे पाणी किती चढतं, किती वेळ राहतं, हा तुमचा दाखला. उजाड जागेवर पाणी त्याहून बरंच जास्त चढत असेल तर ती जागा खोल आहे. अगदीच चढत नसेल तर वाट कुठेतरी अडली आहे, मग ती अडचण शोधत भरावापर्यंत, मोरीपर्यंत चालत जायचं. या खेळाला खर्च जवळजवळ नाही, आणि कधी शाळेत न गेलेली बाईसुद्धा दुसऱ्या भरतीला तो दुसऱ्याला समजावून सांगू लागते.

काठ्या आणखी एक गोष्ट उघड करतात. नकाशावर मोकळी दिसणारी चिखलाची जागा मोकळी नसते. खाडीच्या पोटातला, ओहोटीला तेवढा उघडा पडणारा चिखल समुद्राच्या सरासरी पातळीच्या खाली असतो. तिथे कांदळवन कधीच नव्हतं, आणि लावलं तरी रोपं दिवसातला फार वेळ पाण्याखाली राहून मरतात. तिथे शिंपल्या असतात, निवट्या असतात, हिवाळ्यात लांबून आलेले चिखलपक्षी चरतात. एका गावात अशीच जागा लागवडीसाठी नक्की झाली होती. काठ्या ठोकायला उतरलो तेव्हा सोबतच्या एका काकींनी घोट्यापर्यंतच्या चिखलात पायाच्या बोटांनी चाचपून बघता बघता मूठभर तिसऱ्या वर काढल्या, माझ्या ओंजळीत ठेवल्या आणि म्हणाल्या, "इथं झाडं लावलीत तर आम्ही काढायचं कुठनं?" जागा बदलली. नंतर कळलं की पावसाळ्यानंतर तिथे रोज दहा-पंधरा बायका उतरतात. त्यांना कुठल्याच सर्वेक्षणात कोणी विचारलं नव्हतं.

बियांचा धडा पावसाळ्यात घ्यायचा, कारण कांदळवनाचं बी जुलै ते सप्टेंबरच्या सुमारास पडतं. हा धडा हातात बी घेतल्याशिवाय होत नाही. कांदळ या जातीचं बी झाडावर असतानाच रुजतं आणि त्याची फूट-दीड फूट लांब, हिरवी शेंग लोंबकळत राहते. अधीर झालेले लोक ती ओढून काढतात आणि नंतर रोपं आली नाहीत म्हणून चिखलाला दोष देतात. वरचं तपकिरी फळ आणि खालची शेंग यांच्या सांध्यावर बघायचं. तिथे पिवळसर कडं दिसायला लागलं, आणि हलक्या हाताने फिरवताच फळ सुटलं, तर शेंग तयार. कडं नसेल तर झाडावरच राहू द्यायची. भोक पडलेली शेंग बाजूला काढायची, आत कीड असते. तयार शेंगा ओल्या गोणपाटात, सावलीत ठेवायच्या आणि टोकदार बाजू खाली करून तिसरा हिस्सा चिखलात जाईल इतक्या खोचायच्या. तिवराचं बी चपटं, बदामाच्या आकाराचं. पाण्यात टाकलं की त्याची साल सुटते आणि आतली जाड दोन पानं मोकळी होतात. चिपीचं फळ पिकून फुटतं, बिया बारीक असतात, त्यामुळे चिपीला रोपवाटिका लागते. पांढऱ्या चिपीला महाराष्ट्राने २०२० मध्ये राज्याचा कांदळवृक्ष ठरवलं, ते मुलांना आवर्जून सांगा, पण तेवढ्यावरून सगळीकडे चिपी लावायला निघू नका. कोणती जात कोणत्या पट्ट्यात हे जवळच्या जिवंत कांदळवनातच बघून घ्यायचं.

यानंतर येतो तो अवघड भाग, आणि तो टाळून पुढे गेलात तर सगळं काम अडेल. खारजमिनीचा. आपल्या पूर्वजांनी खाडीला मातीचे बांध घालून भातशेती काढली. गावकीने अंगमेहनतीने बांध राखले, उघाड्या (बांधातली पाणी सोडायची झडपेची दारं) सांभाळल्या. पुढे सरकारी योजना आल्या, १९७९ चा खारभूमी विकास कायदा आला, बरेच बांध सरकारकडे गेले आणि गावाची दरवर्षीची डागडुजी सुटली. आता उधाणात बांधाला खांड पडते, खारं पाणी शेतात शिरतं, दोन-तीन वर्षं भात होत नाही, आणि तेवढ्यात त्या जागी तिवरं उगवतात. ती एकदा आली की तोडता येत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनाच्या तोडीवर बंदी घातली आणि २०१८ च्या निकालात कांदळवन नष्ट करणं हे नागरिकांच्या मूलभूत हक्कांवरचं आक्रमण मानलं. जमीन खासगी असली तरी नियम तोच. शेतकऱ्याच्या मनात त्यामुळे एक वाक्य घट्ट बसलेलं असतं: झाडं आली की जमीन गेली. तुम्ही 'कांदळवन वाचवा' म्हणत गावात शिरलात की त्याला तुम्ही त्याची जमीन घ्यायला आलेले वाटता.

म्हणून पहिल्याच बैठकीत कायदा आहे तसा सांगा, गोड करून सांगू नका. आणि त्याच बैठकीत हेही सांगा की पिकत्या शेताचा बांध राखणं हे तुमच्या गटाचं काम आहे. खांड पडली तर त्याच वर्षी बांधायला हवी, कारण उशीर झाला की मग कायद्याने हात बांधले जातात. गटातल्या चौघा-पाच जणांना बांधाची पाहणी शिकवा: खेकड्यांची भोकं कुठे आहेत, आतल्या बाजूला ओल कुठे दिसते, उघाडीची झडप भरतीला नीट बसते का आणि ओहोटीला पूर्ण उघडते का. ही पाहणी मे महिन्यात एकदा आणि पावसाळ्यातल्या प्रत्येक मोठ्या उधाणाआधी. बांधाच्या बाहेरच्या अंगाला तिवरांचा दाट पट्टा असला तर लाटेचा मार तो झेलतो आणि बांध कमी खचतो. हे शेतकऱ्याला तुम्ही भाषणात सांगून पटणार नाही. ज्या भागात बाहेर झाडं आहेत आणि ज्या भागात नाहीत, अशा दोन्ही ठिकाणचा बांध त्याला शेजारी-शेजारी दाखवा. खारं पाणी चढलेल्या शेतासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या पनवेल इथल्या खारभूमी संशोधन केंद्राने भाताच्या 'पनवेल' जाती काढल्या आहेत, आणि जुन्या लोकांकडे काळा राता, भुरा राता ही वाणं अजून कुठे कुठे सापडतात. गटातल्या कोणीतरी ही बियाणी शोधून, वाढवून, वाटण्याचं काम अंगावर घ्यावं. शेतकरी गटाकडे आपलेपणाने बघायला लागतो तो तिथून.

शिबिर किती दिवसांचं? सलग तीन दिवस हॉलमध्ये बसवून काही होत नाही. महिन्यातले दोन दिवस, वर्षभर, आणि प्रत्येक वेळी त्या महिन्यात निसर्गात जे चाललं आहे तेच. कोकणाचं वेळापत्रक आपल्या हातात नसतं. जून-जुलैत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद, तेव्हा मच्छीमार मोकळे असतात पण शेतकरी लावणीत. गणपतीत कोणी येणार नाही. ऑक्टोबरात भातकापणी. नोव्हेंबरात ओढ्याला पाणी असतानाच वनराई बंधारे घालायचे, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून. डिसेंबरात जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा. आंब्याच्या हंगामात मजूर मिळत नाहीत. मे महिन्यात जांभूळ, कोकम यांचं बी, आणि ते लगेच पेरायचं, कारण ही बियाणी वाळवून ठेवली तर उगवत नाहीत. बायकांसाठी वेळ दुपारी दोन ते चार, पाणी-जेवण उरकल्यावर. सकाळी नऊ ही वेळ ज्याने ठरवली त्याने बायकांना बोलावलंच नाही असं धरा.

गणपतीत प्रशिक्षण नको म्हटलं, पण एक संध्याकाळ मात्र मागून घ्या. डोंगरउताराची, सड्याची जमीन कोकणात मोठ्या प्रमाणावर खासगी आहे, आणि सातबाऱ्यावरची निम्मी नावं मुंबईला असतात. गणपती, शिमगा आणि मे महिना हे तीनच वेळेला ती माणसं एकत्र सापडतात. गुरं कुठे चरवायची, कुठे पाच वर्षं बंद ठेवायची, कुणाच्या हिश्श्यातून जाळरेषा जाणार, यांवर सह्या तेव्हाच घ्याव्या लागतात. नाहीतर गटाने राखलेलं रान एखाद्या जानेवारीत ठेकेदाराला तोडीसाठी विकलं जातं आणि राखणारे बघत राहतात.

सड्याबद्दल मला जरा ठासून सांगायचं आहे. सडा उजाड वाटतो म्हणून वृक्षारोपणाच्या कार्यक्रमाला सगळे तिथेच धावतात. जेसीबीने कातळात खड्डे पाडतात, माती आणून भरतात, आकेशिया किंवा सुबाभूळ लावतात. कृपा करून हे करू नका. जूनचा पहिला पाऊस पडून गेला की आठवड्या-दोन आठवड्यांनी गटाला घेऊन सड्यावर जा आणि गुडघ्यावर बसवा. बोटभर मातीत दीपकाडीची पांढरी फुलं, पुढे श्रावण-भाद्रपदात गेंद आणि सीतेची आसवं, कातळाच्या खळग्यांतल्या पाण्यात बेडकांची पिल्लं. यातली दीपकाडी कोकण-गोव्याच्या सड्यांपलीकडे जवळपास सापडत नाही. सड्यावर पडलेलं पाणी जांभ्याच्या भेगांतून झिरपून खालच्या वाडीच्या विहिरीत आणि झऱ्यात येतं. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात एप्रिलमध्ये टँकर का येतो याचं उत्तर शोधायला सड्यापासून झऱ्यापर्यंत एकदा सगळ्यांनी पायी उतरावं. आणि याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत, २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. सड्याची सेवा म्हणजे त्याला वणव्यापासून, भरावापासून, खाणीपासून आणि आपल्या खड्ड्यांपासूनही वाचवणं. झाडं लावायचीच तर उतारावर, ओढ्याच्या कडेला: ऐन, किंजळ, जांभूळ, करंज, उंबर, कोकम, सुरंगी. त्यातही तोडलेल्या खोडांना फुटवे येत असतील तर फक्त गुरं आणि आग दूर ठेवली तरी पाच-सात पावसांत रान उभं राहतं.

वणव्याचं काम शिकवताना आधी आग कोण लावतं हे शांतपणे बोलून घ्या. गवत चांगलं येईल म्हणून, काजू गोळा करायला जमीन साफ व्हावी म्हणून, शिकारीसाठी, किंवा राब (भाताच्या रोपांसाठी जमीन) भाजताना निसटली म्हणून. ज्याच्या हातून ती लागते तो अनेकदा तुमच्याच गटातल्या कोणाचा तरी नातलग असतो. पोलिसांची भीती घालण्यापेक्षा गवत वेळेत कापून विकण्याची सोय केली तर आग जास्त कमी होते. जाळरेषा डिसेंबर संपायच्या आत, रस्त्याच्या आणि पायवाटेच्या कडेने आधी, कारण आग तिथूनच सुरू होते. विझवताना हिरव्या फांद्या, सुती कपडे, पायात बूट, आणि आगीच्या मागून व कडेने. उतारावर आगीच्या वर कोणीही जायचं नाही. हे वाक्य प्रत्येक सरावात म्हणून घ्या.

संकटाच्या तयारीचा भाग वेगळा ठेवू नका, हाच गट ते करेल. ३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगरपासून दापोलीच्या किनाऱ्यापर्यंत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, आणि वीज-मोबाइल कित्येक दिवस बंद होते. त्याआधी २००९ च्या 'फयान'मध्ये समुद्रात असलेले मच्छीमार सापडले होते, आणि 'निसर्ग'नंतर वर्षभरातच 'तौक्ते' किनारा घासून गेलं. मोबाइल बंद पडल्यावर निरोप कसा जाणार हे आधी ठरवा: देवळातला नगारा, मशिदीचा भोंगा, वाडीवार धावणारी दोन-दोन मुलं. किनाऱ्यावर वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेली सुरूची झाडं 'निसर्ग' वादळात ठिकठिकाणी उन्मळून पडली. वाळूच्या टेकड्यांवर मर्यादवेल, केवडा आणि त्यामागे उंडी, करंज, भेंडी हा आपला जुना क्रम जास्त भरवशाचा आहे.

पर्जन्यमापक मात्र आजच आणा. प्लास्टिकचा साधा मापक शाळेच्या मोकळ्या अंगणात बसवा, रोज सकाळी साडेआठला वाचा, आणि फळ्यावर लिहा. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळीये इथे दरड कोसळली. त्या सुमारास घाटमाथ्यावर महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता. चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरच्या वर गेला की हवामान खातं त्याला अत्यंत मुसळधार म्हणतं. गावाने स्वतःची वही दोन-तीन पावसाळे ठेवली की किती पावसाला साकव बुडतो, किती पावसाला खालची वाडी, हे गावाला तोंडपाठ होतं. उताराखालच्या वाड्यांना दरडीच्या खुणा शिकवा: डोंगरात नवी भेग, विजेचा खांब किंवा झाड कलणं, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं किंवा आटणं, दार चौकटीत अडकायला लागणं. इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ ला दरड आली ती रात्री. खुणा दिसल्यावर रात्रीची वाट बघायची नाही, उजेडातच माणसं हलवायची, आणि कोणाकडे हलवायची ती घरं मे महिन्यातच ठरलेली हवीत. गटातल्या काही जणांना जिल्हा प्रशासनाच्या 'आपदा मित्र' प्रशिक्षणाला पाठवा. ते बारा दिवसांचं असतं आणि बचावाची कामं त्यात नीट शिकवतात.

वाळूचा किनारा लाभला असेल तर कासवांचं कामही गटाकडे येईल. वेळासमध्ये २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने ते गावकऱ्यांबरोबर उभं केलं, आणि पुढे कासव महोत्सवामुळे गावातल्या घरांना पाहुण्यांचं उत्पन्न मिळालं. इथे एवढंच सांगते की अंडी हलवायची ती वन विभागाने नेमलेल्या कासवमित्रानेच, घातल्यापासून काही तासांत आणि न फिरवता. उशीर झाला की आतला गर्भ कवचाला चिकटलेला असतो आणि अंडं उलटं झालं तर तो मरतो. वाळू जितकी गरम तितक्या माद्या जास्त, आणि फारच तापली तर पिल्लंच निघत नाहीत, म्हणून हॅचरीत (हलवलेली अंडी पुरून ठेवायच्या कुंपणात) तापमापी आणि सावलीची जाळी ठेवायला शिकवा.

पैशाचं स्पष्ट बोलूया. ज्या बाईचा दिवस तिसऱ्या विकून भागतो तिचा दिवस प्रशिक्षणात घेतला तर तिला मजुरी द्यायला हवी, चहा-बिस्किटांवर भागवू नका. बांध, बंधारे, रोपवाटिका ही कामं रोजगार हमीत बसवता येतात, त्यासाठी ग्रामसभेच्या आराखड्यात ती आधी यावी लागतात. बचत गट 'उमेद' या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात असतील तर खेकडापालन, कालवंपालन यांसाठी राज्य शासनाच्या कांदळवन प्रतिष्ठानकडे विचारा. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बायका स्वतः होड्या वल्हवून पर्यटकांना कांदळवन दाखवतात. तिथे एकदा गटाची सहल न्या, बायकांशी बायकांनाच बोलू द्या. वर्षभरानंतर गटातले दोघं-तिघं शेजारच्या गावात शिकवायला जाऊ शकतील. त्यांना बाहेरून आलेल्या तज्ज्ञाइतकंच मानधन द्या.

परवानग्यांत कुचराई नको. कांदळवनात काठ्या ठोकण्यापूर्वीसुद्धा वन विभागाच्या कांदळवन कक्षाला लेखी कळवा. मोरी मोकळी करायची तर रस्ता ज्या खात्याचा त्याच्याकडे ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन जा, स्वतः खणायला लागू नका. जैवविविधता व्यवस्थापन समिती कागदावर असेलच, तिच्यात गटातली माणसं घाला आणि लोक जैवविविधता नोंदवही या कामातून भरा. काठ्यांची मापं, पावसाची वही, बांधाची पाहणी, आपोआप उगवलेल्या रोपांची मोजणी, सगळं दोन प्रतींत ठेवा, एक ग्रामपंचायतीत आणि एक शाळेत. सरपंच बदलले, ग्रामसेवक बदलले, वही लिहिणारी मुलगी लग्न होऊन गेली, तरी नव्या माणसाला त्या मापांवरून पुढचं काम धरता आलं पाहिजे.